व्हिडिओ धडे : ओबीएस असताना दुसरं काही कशाला?

खडूफळा
व्हिडिओ धडे करायला निघालेल्या प्रत्येक सहकाऱ्याला मी एकच सांगतो, ओबीएस स्टुडिओ हे स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर शिका. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हीवर चालतं. वॉटरमार्क नाही, वेळेचं बंधन नाही. एका सीनमध्ये (पडद्याच्या मांडणीत) स्लाइड, दुसऱ्यात मी, तिसऱ्यात दोन्ही. हॉटकी, म्हणजे ठरवून दिलेलं बटण, दाबली की सीन बदलला. पहिले दोन दिवस डोकं खातं, हे कबूल. पटत नसेल तर बोला.

दुपारची शाळा
नाही पटत. सर, तुमचे दोन दिवस, माझा अख्खा आठवडा काळा पडदा बघण्यात गेला. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं असली की डिस्प्ले कॅप्चर (अख्खा पडदा टिपायची सोय) असं रुसतं, हे नंतर कळलं. वर एकदा मध्येच लॅपटॉप बंद पडला आणि एमपी४ फाइल उघडेचना.

आता मी पॉवरपॉइंटमध्येच रेकॉर्ड करते. आवाज स्लाइडवार साठतो. सतराव्या स्लाइडला जीभ घसरली तर तेवढीच पुन्हा बोलायची. पुढच्या वर्षी एखादं उदाहरण बदललं तरी बाकीच्या धड्याला हात लावावा लागत नाही. फक्त स्लाइड पलटताना गप्प बसायचं, नाहीतर ते शब्द गिळले जातात. (हे मी वीस स्लाइड वाया घालवून शिकले.)

खडूफळा
फाइलचा दोष ओबीएसचा नाही, मॅडम. एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये रेकॉर्ड करायचं. मध्येच बंद पडलं तरी तोवरचं शाबूत राहतं. मग फाइल मेनूतून रीमक्स केलं की एमपी४ तयार. आणि मी जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख हलवून दाखवतो, ते तुमच्या स्लाइडवर कसं आणणार?

दुपारची शाळा
इन्सर्टमध्ये स्क्रीन रेकॉर्डिंग आहे. क्लिप थेट स्लाइडवर बसते. आणि एमकेव्ही, रीमक्स... ज्याला फक्त अपूर्णांक शिकवायचेत त्यानं हे का शिकावं?

कात्रीवाला
दोघंही स्लाइडला चिकटून बसलात. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांवरचा २०१४ चा अभ्यास आहे. टॅब्लेटवर हातानं लिहीत समजावलेले धडे नुसत्या स्लाइडपेक्षा लोक जास्त वेळ बघतात. आणि व्हिडिओ कितीही लांब असो, बघणं साधारण सहा मिनिटांपलीकडे जात नाही. पेन टॅब्लेट घ्या आणि कॅम्टेशियासारखं रेकॉर्डर-एडिटर एकत्र असलेलं काहीतरी घ्या. पैसे जातात, पण खोकला, अडखळणं, 'अं... तर...' टाइमलाइनवर दोन मिनिटांत कापून टाकता येतं. ओबीएसमध्ये कापायची सोयच नाही.

खडूफळा
कापायला शॉटकट नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. आणि तो अभ्यास मीही वाचलाय. त्यात लोकांनी किती वेळ बघितलं ते मोजलंय, किती शिकले ते नाही. पण सहा मिनिटांचं मान्य. माझे धडे चाळीस मिनिटांचे आहेत, ते तोडायला हवेत.

दुपारची शाळा
म्हणजे शेवटी तुकडेच करायचे ना? मग मी स्लाइडवार वेगळं काय करते?

मागचा बाक
मी विद्यार्थी. ओबीएस, पॉवरपॉइंट, कॅम्टेशिया, आम्हाला फरक कळतसुद्धा नाही. लॅपटॉपच्या माइकमधून येणारी पंख्याची घरघर मात्र कळते. आधी कॉलरला लावायचा साधा माइक घ्या. आणि स्लाइडवर आहे तेच वाचून दाखवू नका, ते आम्ही तुमच्या आधी वाचून संपवतो.

कात्रीवाला
घरघर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काढता येते. बोलायला लागण्याआधी पाच सेकंद गप्प राहा, त्याचाच नॉइज प्रोफाइल (नको असलेल्या आवाजाचा नमुना) घ्या.

मागचा बाक
जास्त काढू नका पण. मागे एका धड्यात सर पाण्याखालून बोलत होते.