मदत हवी आहे: १९२४ ते १९२९ दरम्यान मेक्सिको सीमेवर पकडलेल्यांचं काय व्हायचं?

अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या बंदोबस्ताच्या इतिहासावर मराठीत लेख लिहितेय आणि एका जागी पक्की अडकलेय.

२८ मे १९२४ ला बॉर्डर पेट्रोल, म्हणजे अमेरिकेचं सीमेवर गस्त घालणारं दल, स्थापन झालं. सरकार शिपायाला बिल्ला, रिव्हॉल्व्हर आणि वर्षाला १,६८० डॉलर द्यायचं. घोडा-खोगीर त्याचं स्वतःचं, दाणा-वैरण मात्र सरकारी! कुठल्या देशातून किती स्थलांतरित घ्यायचे हे ठरवणाऱ्या त्याच वर्षीच्या कोटा कायद्यातून मेक्सिकोला वगळलं होतं. म्हणजे नाक्यावरून रीतसर यायला संख्येची मर्यादा नव्हती. अडसर होता तो डोईपट्टी (येणाऱ्या प्रत्येकावरचा माणशी कर), व्हिसा शुल्क आणि १९१७ पासूनच्या साक्षरता चाचणीचा. परवानगीशिवाय प्रवेश हा फौजदारी गुन्हा ठरला मार्च १९२९ मध्ये: एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मग मधल्या पाच वर्षांत सीमेवरची रिओ ग्रांदे नदी ओलांडताना सापडलेल्या माणसाला तिथल्या तिथे पुलावरून परत पाठवायचे, की हद्दपारीचं वॉरंट काढून रीतसर सुनावणी घ्यायचे?

कायद्यांचं मूळ पाठ्य वाचलंय. इमिग्रेशन खात्याचे वार्षिक अहवालही चाळले, पण त्यात नुसते एकूण आकडे. एका माणसाची हकिकत त्यातून हाती लागत नाही, आणि मला नेमकी तीच हवी आहे. १९५४ ची सामूहिक हद्दपारीची मोहीम किंवा आजची भिंत हा विषय नाही. स्पॅनिश येत नाही, इंग्रजी चालेल. तिकडच्या अभिलेखागारात जाणं शक्य नाही.

एल पासो (टेक्सासमधलं सीमेवरचं शहर) भागातल्या त्या काळच्या चौकशीची किंवा सुनावणीची मूळ कागदपत्रं ऑनलाइन कुठल्या संग्रहात आणि कोणत्या नोंदींखाली शोधू?