वाइनसाठी दिंडोरी तालुक्यात जाणाऱ्यांनी दिंडोरी गावात थांबावे का?

शनिवारचा प्रवासी : फेब्रुवारीत आम्ही चौघे पुण्याहून नाशिकला वाइनसाठी गेलो. पहिला दिवस एका मोठ्या वाइनरीत रांगेत आणि सेल्फीत गेला. दुसऱ्या दिवशी वणीच्या रस्त्याने सुमारे २५ किलोमीटरवरच्या दिंडोरीत मुक्काम केला, आणि एका ओळखीच्या बागायतदारांनी आम्हाला बागेत नेऊन शिराझ या वाइनच्या द्राक्षाचा घड हातावर ठेवला. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. चव थॉमसन या खाण्याच्या द्राक्षापेक्षा गोड, पण मागून जीभ आखडते. खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगवण्यासाठी घड जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड) या वाढ-संजीवकाच्या द्रावणात बुडवतात, तर वाइनच्या द्राक्षाला लहान मणीच हवा, हे तिथे उभे राहिल्यावर कळले. त्यामुळे माझे मत असे की, दुसरी वाइनरी वगळावी, पण अर्धा दिवस गावात घालवावा.

जुना बागायतदार : आपला हेतू चांगला आहे, पण मत मला मान्य नाही. जानेवारी ते मार्च आमची काढणी असते, आणि त्या दिवसांत आम्हाला जेवायला वेळ नसतो, तर पाहुण्यांना बाग कोण दाखवणार? शिवाय निर्यातीच्या बागेत कोण आले, कोणती फवारणी कधी झाली, याची नोंद ठेवावी लागते.

दुसरे म्हणजे, या भागाला 'वाइनचा तालुका' म्हणणे मला खटकते. इथला बहुतेक वेल खाण्याच्या द्राक्षाचा आहे. राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये आले, तेव्हा आम्ही पुष्कळांनी उत्साहाने वाइनची लागवड केली. २००८-०९ च्या मंदीत खप घसरला. ज्या कारखान्याशी माझा करार होता, त्याने तयार माल उचलला नाही आणि मी दोन एकर वेल मुळासकट उपटला. हा इतिहास टेस्टिंग रूममध्ये कोणी सांगत नाही. गावात येणाऱ्याला तरी तो कुठे दिसणार? उपटलेल्या जागी आता टोमॅटो आहे.

हिशेबनीस : दादा, आपले नुकसान खरे आहे, मात्र त्यावरून आजचा हिशेब मांडता येत नाही. करार टिकला, तर वाइनच्या द्राक्षाचा भाव आधी ठरलेला असतो, विरळणीची, म्हणजे घडातले जादा मणी काढण्याची, मजुरी वाचते आणि घड देखणा नसला तरी चालते. भाव ठरतो तो मुख्यतः साखरेवर, म्हणजे ब्रिक्सवर. पाहुण्यांचा त्रास म्हणाल, तर दिंडोरीला पाहुणे नवे नाहीत. सप्तशृंगी गडावर जाणारे भाविक याच रस्त्याने जातात, स्वामी समर्थ केंद्रात दूरदूरहून लोक येतात, आणि त्यांच्यामुळे गावाचे काम अडल्याचे मी तरी ऐकलेले नाही. वाइनसाठी येणाऱ्याचा पैसा मात्र वाइनरीच्या फाटकाच्या आत राहतो. तो गावातल्या खानावळीत आणि लॉजमध्ये यायचा, तर लोकांनी थांबायलाच हवे.

रानवाट : एक प्रश्न विचारते. बागेत काम करणारे आपल्याला दिसले का? छाटणी, बांधणी आणि काढणीसाठी पेठ-सुरगाण्याकडून कुटुंबे येतात. पाहुणे पैसे देऊन पिंपात द्राक्षे तुडवतात, ही हौस त्या बायकांना कशी वाटत असेल, हे मला कधीतरी त्यांच्याशेजारी बसून ऐकायचे आहे. गावात थांबणे म्हणजे एवढे तरी असावे.

शनिवारचा प्रवासी : खरे सांगायचे तर, मजुरांशी आम्ही बोललो नाही, आणि काढणीच्या दिवसांत गेलो हेही चुकलेच. थांबावे हे माझे मत कायम आहे, वेळ बदलतो. ऑक्टोबरच्या फळछाटणीला गेलो तर चालेल का? काडीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, ते पाहायची इच्छा आहे.

जुना बागायतदार : छाटणी लांबून अवश्य पाहा, तेव्हा बोलायला निदान उसंत असते. पेस्टच्या दिवशी मात्र मुळीच येऊ नका. त्या औषधाचा आणि मद्याचा वैरभाव आहे. पेस्ट लावणाऱ्याने आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी घोटभर जरी घेतली, तरी तोंड लालबुंद होते आणि छाती धडधडू लागते. आमची माणसे ते दिवस कडक पाळतात. आपण तर वाइन चाखायलाच येणार.