मदत हवी आहे: कात टाकताना खेकड्यातलं कॅडमियम बाहेर पडतं का?

नमस्कार मंडळी. खेकड्यांच्या शरीरातल्या धातूंवरच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पात गाडी एका जागी अडली आहे.

तांब्याचं समजतं. खेकड्याच्या रक्तातल्या हिमोसायनिनमध्ये (ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन) तांबंच असतं, म्हणजे ते लागतंच. जस्तही लागतं, आणि खेकडे दोन्ही बऱ्यापैकी आटोक्यात ठेवतात. (बार्नॅकल, म्हणजे खडकांना चिकटून राहणारा खेकड्याचा कवचवाला नातलग, मात्र जस्त बाहेर टाकायच्या भानगडीत न पडता फॉस्फेटच्या कणांत कोंबून ठेवतो. भारीच!) कॅडमियम या विषारी धातूचं तसं नाही. ते कॅल्शियमच्या वाटेने कल्ल्यांतून घुसतं, हेपॅटोपॅन्क्रियासमध्ये (पचनग्रंथीत) मेटॅलोथायोनिन या प्रथिनाला चिकटतं आणि साठत राहतं.

आता प्रश्न. टाकलेल्या कवचात मला कॅडमियम मिळालं. ते शरीरातून आलेलं, की पाण्यातून वरवर बसलेलं? मी कवच नुसतं डिस्टिल्ड वॉटरने धुऊन नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवलं, तिथेच चुकले का? ईडीटीएने (धातू पकडून ओढून काढणारा पदार्थ) धुवावं म्हटलं तर तो कॅल्शियमही ओढतो, मग कवचच झिजायचं. शिवाय कात टाकल्यावर मऊ खेकडा कॅल्शियम भराभर घेतो, त्याबरोबर कॅडमियमही जात असेल, तर मऊ खेकड्याचा नमुना नेमका कधी घ्यायचा?

कोणी स्वतः हे केलं असेल तर कृपया सांगा. दुसऱ्या खेपेला सहाच खेकडे उरलेत.