सागवानी फळ्या काढू नका, घासून बघा

वर विचारलंय की जुन्या घराच्या माडीवरच्या लाकडी फळ्या काळ्या पडल्यात, तर काढून लॅमिनेट टाकावं का. अजिबात नको! आमचं बडोद्यात दांडिया बाजारात जुनं घर आहे, माडीला सागवानी फळ्या, आम्हीपण काढायच्याच विचारात होतो पण मिस्त्रींनी एका कोपऱ्यात घासून दाखवलं आणि आतून असा सोनेरी रंग निघाला की आई बघतच राहिली.

आधी वर आलेले खिळे नीट आत ठोका, नाहीतर घासायच्या मशीनचा सँडपेपर दर पाच मिनिटांनी फाटतो. मग 60 नंबरचा (जाडा) पेपर, मग 80, शेवटी 120 (बारीक), आणि नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासा, आडवं घासलं की ओरखडे तेव्हा दिसत नाहीत, पॉलिश चढल्यावर दिसतात. बारीक फटीत घासताना निघालेला भुसाच फेविकॉलमध्ये कालवून भरा. मग पॉलियुरेथेनचे (लाकडावरचं पारदर्शक पॉलिश) पातळ तीन हात, मध्ये हलका पेपर मारून धूळ पुसून.

एखाददुसरी फळी नवीन घालायची असेल तर ती आठ-दहा दिवस त्याच खोलीत पडू द्या, आणि भिंतीजवळ साधारण 10 मिमी जागा सोडा, पावसाळ्यात लाकूड फुगतं. हे काम बडोद्यात तरी मी जून ते सप्टेंबर करणार नाही, हवेत ओल असते, पॉलिश पांढुरकं पडतं.

जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नका प्लीज, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा बाहेर पसरून वाळवा.