लॅपटॉपवर चहा, उसाचा रस, सोलकढी... तुमच्याकडे काय सांडलं?

मधली_सुट्टी : काल दुपारी भाचा धावत आला, टेबलावर आदळला आणि अर्धा कप चहा थेट नवऱ्याच्या लॅपटॉपवर. नवरा मीटिंगमध्ये, माइक सुरू. आमचा आरडाओरडा त्याच्या अख्ख्या टीमने ऐकला. लॅपटॉप आता दुकानात आहे, तोवर म्हटलं इथे विचारावं. तुमच्याकडे काय सांडलं, आधी काय केलंत, मशीन वाचलं का? फजितीही लिहा, पण पुढे काय झालं ते गाळू नका.

सोल्डरवाला : ताई, चहापेक्षा त्यातल्या दूधसाखरेची काळजी जास्त. पुण्यात तापकीर गल्लीच्या जवळपास बोर्ड, म्हणजे लॅपटॉपच्या आतली मुख्य सर्किटची पाटी, दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे असली गिऱ्हाइकं नेहमीची. कहाणी बहुतेकांची एकच: "पंख्याखाली वाळवला, सुरू झाला, आठवड्याने गेला." पाणी उडून जातं हो, पण साखर आणि क्षार बोर्डावर तसेच राहतात. साखर हवेतला दमटपणा ओढत राहते, त्यात पावसाळा असेल तर बघायलाच नको.

शिवाय लॅपटॉप बंद केला तरी बॅटरी जोडलेली असते, म्हणजे बोर्डाच्या काही भागात वीज खेळतच असते. ओल आणि वीज एकत्र आली की तांबं गंजायला लागतं. मायक्रोस्कोपखाली कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसतो, पावावर बुरशी धरावी तसा. तो ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घेऊन काढतो. चिपच्या पोटाखाली शिरलेलं ब्रशने निघत नाही, त्याला ध्वनिलहरींनी धुणारं अल्ट्रासॉनिक मशीन लागतं.

घरच्यांनी एवढंच करावं: भिंतीवरचं बटण बंद, मग चार्जरची पिन काढा, मग पावर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. शटडाउन होईपर्यंत थांबू नका, न सेव्ह केलेली फाइल गेली तर जाऊ दे. नंतर लॅपटॉप उघडा ठेवूनच तंबूसारखा पालथा करा, कीबोर्ड खाली. झटकू नका, पातळ पदार्थ आणखी आत जातो. आणि "बघू तरी चालतोय का" म्हणून बटण दाबायचं नाही! माझ्याकडे येणारे निम्मे बोर्ड त्या बघण्यानेच जळालेले असतात.

खतावणी : आमच्या सीए ऑफिसात डेस्कटॉप, म्हणून निभावलं. ३१ जुलै तोंडावर, रिटर्न भरायची घाई आणि आर्टिकलशिपच्या पोराने टीव्हीएस गोल्डवर उसाचा रस ओतला. तोच तो खडखड वाजणारा कीबोर्ड, मेडिकलच्या दुकानातही असतो. एंटर दाबला की दाबलेलाच राही, एक्सेलचा कर्सर धावत तळाला. वायर काढली, बटणं एकेक उपटून साबणाच्या पाण्यात टाकली, खालचे स्विच अल्कोहोलने दाबून-सोडून धुतले. उपटण्याआधी फोटो काढून ठेवा, नाहीतर बसवताना स्क्रोल लॉक कुठे होतं ते ऑफिसात कुणालाच आठवत नाही. कीबोर्ड वाचला. स्पेसबार अजून जरा कुरकुरतो.

भातुकली : आम्ही तांदळाच्या डब्यात ठेवला होता. चालला की!

सोल्डरवाला : तांदळामुळे नाही, नशिबामुळे. ॲपलने तर २०२४ मध्ये सपोर्टच्या पानावर सरळ लिहिलं की आयफोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं. लॅपटॉपला तर पंख्याची जाळी, पोर्ट, सगळीच दारं उघडी. हेअर ड्रायरचंही तेच, गरम वाऱ्याने बटणं वाकतात आणि ओल आत ढकलली जाते.

कोकमआगळ : म्हापशाहून. बहिणीच्या लॅपटॉपवर सोलकढी. कोकमाचं आंबट, नारळाचं तेलकट, वर मीठ, म्हणजे एकही गोष्ट बोर्डाच्या भल्याची नाही. बोर्ड गेलाच. पण तिचा थिसीस आत होता, ती नुसती रडत बसलेली. दुकानदाराने मागचं झाकण उघडून एसएसडी काढली, डेटा साठवणारी बोटाएवढी पट्टी, छोट्या डबीत बसवून यूएसबीने माझ्या लॅपटॉपला लावली. सगळा डेटा जसाच्या तसा! मात्र मॅकबुकसारख्या ज्या मशीनमध्ये स्टोरेज बोर्डालाच सोल्डर केलेलं असतं तिथे हे जमत नाही. तिथे बॅकअप असेल तरच.

जर्सीकर : आमच्याकडे मांजर आणि पाण्याचा ग्लास. जुना थिंकपॅड होता, त्याच्या बुडाला पाणी निथळायला भोकं असतात. पाणी टेबलावर, लॅपटॉप ठणठणीत, मांजर निर्विकार.

पावती_जपून : वॉरंटीच्या भरवशावर असाल तर तिचा कागद नीट वाचा. साध्या वॉरंटीत सांडलेलं पाणी सहसा येत नाही, अपघाती नुकसानीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. मी "आपोआप बंद पडला" असं ऐकवून बघितलं. सर्व्हिस सेंटरच्या मुलाने आतला पांढरा ठिपका लाल झालेला दाखवला. पाणी लागलं की तो रंग बदलतो. मी गप्प पैसे भरले.

मधली_सुट्टी : दुकानातून फोन आला. बोर्ड धुतला, चालू झाला, कीबोर्ड मात्र पूर्ण बदलावा लागणार. @सोल्डरवाला, आजच घरी आणू का?

सोल्डरवाला : नको. दोन-तीन दिवस त्यांच्याकडेच चालू राहू दे, चार्जिंग आणि टचपॅड तपासू दे. बॅटरीच्या कनेक्टरवर डाग होता का तेही विचारा. डाग असेल तर फोटो मागून घ्या.