बेक्वे बेटावर (सेंट व्हिन्सेंट, कॅरिबियन) छोटं गेस्टहाऊस – आईसोबत, फेब्रुवारीत. सल्ला हवा

पारिजातक_एडिसन
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत मुलीच्या शाळेच्या सुट्टीला जोडून आठवडाभर बेक्वेला जायचं ठरतंय. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि भारतातून आलेली आई (वय ६८, गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी). क्रूझ आणि मोठी रिसॉर्ट नको आहेत. १८ चौरस किलोमीटरचं छोटंसं बेट आहे, तिथे एखाद्या घरगुती गेस्टहाऊसमध्ये निवांत राहायचंय. स्वयंपाकघर हवं, म्हणजे आईला दोन घास घरचे मिळतील. पोहायला समुद्र जवळ हवा. बजेट रात्रीला १३० डॉलर, कर धरून. अगदी ताणलं तर १४०.
१. बंदराजवळ (पोर्ट एलिझाबेथ) राहावं, लोअर बेच्या किनाऱ्याला की डोंगरावर?
२. फेब्रुवारीत एसी लागतो का?
३. आईच्या जेवणाचं काय?
जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा.

विवेक_ह्यूस्टन
१३० मध्ये कॅरिबियनमध्ये धड काही मिळत नाही. आम्ही सेंट लुशियाला गेलो होतो, रात्रीला ४८० पडले, पण खिडकीतून पिटॉनचे दोन्ही सुळके समोर आणि खोलीच्या बाहेर आमचा स्वतःचा छोटा पूल. आईंना घेऊन जाताय तर नीट सोय असलेल्या ठिकाणी न्या. अशा प्रवासात पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

खलाशीबुवा
बेक्वेला जहाजावरूनही उतरलोय आणि नंतर सौंसोबत राहूनही आलोय. अॅडमिरल्टी बेसारखं शांत बंदर त्या भागात दुसरं नाही. पोर्ट एलिझाबेथमध्येच राहा. धक्क्यापासून बेलमाँटची पायवाट समुद्राला लागून जाते, सपाट आहे, आईंना रोज संध्याकाळी फिरता येईल. फ्रँजिपानी हॉटेल त्याच वाटेवर आहे. ते माजी पंतप्रधान सर जेम्स मिचेल यांच्या कुटुंबाचं घर होतं. हा माणूस १९८४ ते २००० पंतप्रधान होता आणि मूळचा बेक्वेचा. तिथल्या ओट्यावर बसून बोटी बघण्यात आमच्या संध्याकाळी जायच्या. राहायला जमलं नाही तरी चहाला जा.
गावात छोट्या नमुना-जहाजांच्या कार्यशाळा आहेत. कारागीर मऊ लाकूड कोरून व्हेलबोट आणि शिडाची जहाजं हुबेहूब बनवतात. लेकीला जरूर दाखवा.

शमा_टोरंटो
आम्ही माउंट प्लेझंटला, वर डोंगरावर राहिलो होतो. वारा इतका सुंदर की रात्री पांघरूण लागायचं, एसीची गरजच नाही. पण पारिजातक, तुझ्या आईंच्या गुडघ्यांसाठी ही जागा नाही. रस्त्यापासून दारापर्यंत नुसत्या पायऱ्या, त्याही उंच-सखल आणि कठडा नाही.
दुसरं म्हणजे पाणी. बेटावर नदी नाही, ओढा नाही. छपरावरचं पावसाचं पाणी घराखालच्या टाकीत साठवतात आणि तेच वर्षभर पुरवायचं. फेब्रुवारी कोरड्या दिवसांत येतो. आमच्या मालकीणबाई पहिल्याच दिवशी येऊन न्हाणीघरातला नळ कसा वापरायचा ते दाखवून गेल्या. अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ. टाकी आटली तर बोटीने पाणी मागवावं लागतं आणि ते महाग पडतं. बुकिंग करताना टाकी किती मोठी आणि सध्या किती भरलीय हे विचारच.

दापोलीकर
एवढ्या लांब कशाला? तारकर्लीला घरगुती राहण्याची उत्तम सोय आहे, सोलकढीसकट. आईंनाही परकं वाटणार नाही.

पारिजातक_एडिसन
दापोलीकर, तारकर्ली आमची दर भारतवारीत होते. आईलाच यावेळी वेगळं काहीतरी बघायचंय. नकाशावर बोट ठेवून तिनेच बेट निवडलं आहे.
शमा, पाण्याचं फार उपयोगी सांगितलंस, आभार.

उत्तररात्र
बंदराजवळ अजिबात राहू नका! आम्ही राहिलोय. तीन वाजल्यापासून कोंबडे. एक ओरडला की सगळ्या गावातले ओरडतात, मग कुत्रे. शनिवारी रात्री जवळच्या बारमधलं संगीत झोपेपर्यंत. आणि सकाळी पहिल्या फेरीबोटीचा भोंगा.
अजून एक. तिथे वीज २३० व्होल्टची आणि प्लग ब्रिटिश तीन पिनांचे. आमचा अमेरिकेतला इन्स्टंट पॉट पिन बदलणारं अडॅप्टर लावून चालू केला, फट् झालं आणि धूर. नुसतं अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर चालतात, कुकर, इस्त्री, हेअर ड्रायर नाही. गॅसवर ठेवायचा साधा प्रेशर कुकर न्या.

विवेक_ह्यूस्टन
एसी लागतोच. कॅरिबियन म्हणजे दमट हवा.

शमा_टोरंटो
विवेक, फेब्रुवारीत व्यापारी वारे चांगले वाहतात. पंखा आणि मच्छरदाणी पुरते. मात्र मच्छरदाणी हवीच, तिथे डेंग्यू आहे. वीज महाग असल्यामुळे बरीच गेस्टहाऊसं एसीचे पैसे रोजच्या रोज वेगळे लावतात.

अनिकेत_सिएटल
राहण्याआधी अमेरिकेत परत येण्याचं बघा. भारतीय पासपोर्टवर सेंट व्हिन्सेंटला आधी व्हिसा काढावा लागत नाही, बार्बाडोसमार्गे गेलात तर तिथेही नाही. पण तुम्ही दोघं एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असाल आणि पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असेल तर या बेटांवरून परत येता येणार नाही. जुन्या शिक्क्यावर परत येण्याची सवलत एच-वन-बीला फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. आसपासच्या बेटांसाठी ती विद्यार्थी आणि एक्सचेंज व्हिसावाल्यांना मिळते. लोक ऐकीव माहितीवर जातात आणि अडकतात. आईंचा व्हिजिटर व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते पाहा, आणि परतल्यावर त्यांना नव्याने सहा महिने मिळतीलच असं धरून चालू नका.

पारिजातक_एडिसन
आमचं ग्रीन कार्ड आहे, आईचा दहा वर्षांचा मल्टिपल आहे. पण हा मुद्दा इथे आला ते फार बरं झालं.

गोडांबा
जेवणाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. आमच्या सासूबाईसुद्धा शाकाहारी, आणि त्यांचं तिथे छान निभलं.
धक्क्याजवळ भाजीबाजार आहे. तिथे नीरफणस मिळतो. आपल्या कोकणात, गोव्यात ज्याची कापं करतात तोच. कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये ताहितीकडून ही झाडं सेंट व्हिन्सेंटला आणली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खायला घालण्यासाठी. आज भाजलेला नीरफणस आणि तळलेला मासा हे त्यांचं राष्ट्रीय जेवण आहे. सासूबाईंनी तिखट-मीठ-हळद लावून, रव्यात घोळवून कापं केली, तर मालकीण ताटली घेऊन शेजारी वाटून आली.
डॅशीन म्हणजे अळू. कॅलालूचं सूप त्याच्याच पानांचं असतं, पण सांभाळून! त्यात खारवलेलं मांस किंवा खेकडा असतो. ‘मांस नाही ना’ एवढंच विचारलं तर ‘नाही’ म्हणतील आणि डुकराची खारवलेली शेपटी निघेल. नाव घेऊन एकेक विचारा. भातात घालतात ते ‘पिजन पीज’ म्हणजे ओल्या तुरीचे दाणे.
रोटी सगळीकडे मिळते. आत बहुतेक वेळा चिकन किंवा शंखातला मासा. आदल्या दिवशी सांगितलं तर बटाटा-चण्याची करून देतात. १८६१ पासून सेंट व्हिन्सेंटला भारतातून करारावर मजूर गेले, त्यांच्याकडून ही रोटी आली. पहिल्या जहाजाचं नावच ‘त्रावणकोर’ होतं.
डाळ, पोहे, मसाले न्या. किराणा बोटीने येतो म्हणून महाग असतो. दुधाची पावडर विसरू नका.

विवेक_ह्यूस्टन
म्हणजे सुट्टीत जाऊन स्वयंपाकच करायचा. ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये आमच्या आईला शेफने स्वतः येऊन वेगळी डाळ करून दिली होती.

दापोलीकर
नीरफणसाची कापं खायला तर कोकणातच या.

माळरान_पुणे
सेंट व्हिन्सेंट म्हणजे अर्नोस व्हेल मैदान ना? २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात अफगाणिस्तानने बांगलादेशला तिथेच हरवलं आणि ऑस्ट्रेलिया बाहेर गेला. पावसाने सारखा खेळ थांबत होता, पहाटे उठून शेवटपर्यंत बघितला होता. मैदानाला खेटूनच जुना विमानतळ होता.

खलाशीबुवा
होय, जुना विमानतळ २०१७ मध्ये बंद झाला. आता आर्गाइलचा नवा आहे.

माळरान_पुणे
भारताने १९९७ मध्ये तिथे जिंकत आलेला सामना घालवला होता. अजून राग जात नाही.

शमा_टोरंटो
क्रिकेटसाठी वेगळा धागा काढा बरं!

उत्तररात्र
प्रवासाबद्दल. मायामीहून आर्गाइलला विमान आहे. तिथून टॅक्सीने राजधानी किंग्सटाउनचा धक्का साधारण अर्धा तास, मग बेक्वेची फेरीबोट एक तास. आमचं विमान उशिरा आलं, शेवटची फेरी डोळ्यांदेखत सुटली आणि किंग्सटाउनला रात्र काढावी लागली. बेक्वेच्या खोलीचे पैसे गेले ते गेलेच. रविवारी फेऱ्या आणखी कमी आणि बेटावर दुकानंही बंद. रविवारी पोचू नका.

सावली_दुबई
२०२४ च्या बेरिल चक्रीवादळात ती बेटं उद्ध्वस्त झाली ना? आता राहण्यासारखं काही उरलंय का?

खलाशीबुवा
बेरिल १ जुलै २०२४ ला आलं. सर्वांत जास्त विध्वंस युनियन आयलंड आणि ग्रेनाडाच्या कॅरियाकूवर झाला. बेक्वेचं नुकसान त्या मानाने खूप कमी. तिथल्या लोकांचं पोट पाहुण्यांवर आहे, तेव्हा जरूर जा.
पारिजातक, किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं. हिरवं, छोट्या सफरचंदासारखं फळ खाली पडलेलं दिसतं. ते जहाल विषारी आहे. पावसात त्या झाडाखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. लेकीला पहिल्याच दिवशी झाड दाखवून ठेवा. काही ठिकाणी खोडावर लाल रंगाची खूण असते, पण सगळीकडे नाही.

गोडांबा
आणि लष्करी छापाचे कपडे नेऊ नका, लहान मुलांचेसुद्धा. तिथे कायद्याने बंदी आहे.

पारिजातक_एडिसन
किती नेमकी माहिती दिलीत सगळ्यांनी! लेकीची एक टोपी तशी आहे, ती काढून ठेवली.
आता तीन जागा उरल्यात. (अ) बंदराजवळ, पहिल्या मजल्यावर, १२५. (आ) लोअर बेला, किनाऱ्यापासून दोन मिनिटं, स्वयंपाकघर नाही, १४०. (इ) दक्षिणेला फ्रेंडशिप बेजवळ, तळमजला, गॅसची शेगडी, दोन खोल्या, ११५. मत द्या.

शमा_टोरंटो
(आ). पोहायला लोअर बेइतकं शांत पाणी नाही. स्वयंपाकघराचं काय, किटली न्या.

खलाशीबुवा
(अ), कोंबड्यांसकट. दुकानं, फेरी, दवाखाना सगळं पायाशी.

उत्तररात्र
(आ). (अ) तर नकोच नको. (इ) आडबाजूला आहे, रोज टॅक्सी लागेल. आणि तिथली टॅक्सी म्हणजे मागे बाकं बसवलेला पिकअप, आईंना चढायला पायरी उंच.

विवेक_ह्यूस्टन
तिन्ही नको. पण यातलंच घ्यायचं तर (आ).

गोडांबा
(अ). बाजार जवळ.

अनिकेत_सिएटल
दरात कर आणि सर्व्हिस चार्ज धरलाय का विचारा. बऱ्याच ठिकाणी दोन्ही वरून लागतात. शिवाय दर कोणत्या डॉलरमध्ये? ईस्टर्न कॅरिबियन डॉलर १९७६ पासून अमेरिकन डॉलरला २.७० ने बांधलेला आहे. टॅक्सीवाल्यालाही आधी हेच विचारा.

पारिजातक_एडिसन
ठरलं. (इ) घेतलं, फ्रेंडशिप बे.
तुम्ही बहुतेकांनी नको म्हटलं, म्हणून कारणं लिहिते. मी तिन्ही मालकांना तेच प्रश्न पाठवले होते. टाकीत पाणी किती, दारापर्यंत पायऱ्या किती, शेगडी गॅसची आहे का, कर धरून दर किती. (अ) कडून फक्त पैसे कुठे भरायचे ते आलं. (आ) कडे कर आणि सर्व्हिस चार्ज मिळून दर १७० च्या जवळ गेला. (इ) च्या बाईंनी टाकीत काठी बुडवून फोटो पाठवला, काठीवर पाण्याची ओली रेघ दिसत होती. दारापाशी एकच पायरी, तिचाही फोटो. न्हाणीघरात धरायला दांडा आहे. कर धरून १२८.
पॅजेट फार्म गावाला जाणारी डॉलर व्हॅन (सगळ्यांसाठीची प्रवासी गाडी) तिथल्या कोपऱ्यावर थांबते, ती बंदरापर्यंत जाते. आई पुढच्या सीटवर बसेल. लोअर बेला पोहायला दोन-तीनदा टॅक्सीने जाऊ. आणि शनिवारी सकाळी किंग्सटाउनला उतरतोय, म्हणजे विमानाला उशीर झाला तरी दुपारची फेरी मिळेल.

उत्तररात्र
व्हॅन संध्याकाळनंतर फारशी मिळत नाही. रात्री बाहेर जेवायचं ठरवलंत तर परतीची टॅक्सी आधीच बोलून ठेवा.

शमा_टोरंटो
मी अजूनही लोअर बेच म्हणेन. पण काठीचा फोटो पाठवणारी मालकीण मिळाली, हे छान झालं.

खलाशीबुवा
फ्रेंडशिपच्या समोर प‌ेटिट नेव्हिस बेट दिसेल. व्हेल मारून आणले की तिथे कापायचे. आजही बेक्वेच्या लोकांना आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने वर्षाला चार हंपबॅक व्हेल मारायची परवानगी दिलेली आहे, आणि शिकारीचा हंगाम फेब्रुवारीतच सुरू होतो. लेकीला आधी समजावून सांगा. तिथे या विषयावर कुणाशी वाद घालू नका.

विवेक_ह्यूस्टन
हे असलं मुलांना दाखवायचं?

गोडांबा
पारिजातक, व्हेलचा वाद सुरू व्हायच्या आत सांगते. रवा इथूनच ने, तिथे मिळाला नव्हता. आणि कुकरची जास्तीची रिंग.