ऑपरेशननंतर अंग परत बाहेर येतंय. दुसरं ऑपरेशन की पेसरी? अनुभव हवेत

नमस्कार. अंग बाहेर येतं म्हणून ज्यांचं ऑपरेशन झालं आणि नंतर तोच त्रास पुन्हा सुरू झाला, अशा मैत्रिणींकडून मला ऐकायचं आहे. घरात हे मोकळेपणाने बोलता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. पहिल्या वेळी बाळ चिमटा लावून काढलं होतं. पाळी गेल्यानंतर गर्भपिशवी खाली उतरली. खालूनच ऑपरेशन करून पिशवी काढली आणि लघवीच्या पिशवीकडच्या भिंतीला टाके घालून आधार दिला. त्यानंतरचा काळ फार चांगला गेला. मग कधीतरी संध्याकाळी खाली जड वाटायला लागलं आणि एकदा अंघोळ करताना हाताला तोच मऊ गोळा लागला.

आता तपासणीत कळलंय की पुढची भिंत परत उतरलीय, शिवाय पिशवी काढल्यावर योनीमार्गाचं जे वरचं टोक उरतं तेही खाली आलंय. किती उतरलंय याच्या मोजमापात डॉक्टर दुसरी पायरी म्हणाल्या. सकाळी उठल्यावर काहीच जाणवत नाही. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी गोळा अगदी तोंडाशी येतो. लघवी झाली असं वाटून उठावं तर परत थोडी लागते. पुढे वाकून, बोटाने गोळा आत धरला की उरलेली होते. बाहेर कुठे गेलं की याच धास्तीने मी पाणी कमी पिते.

डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत. एक पेसरी, म्हणजे उतरलेल्या भागाला आधार द्यायला योनीमार्गात बसवायचं साधन. दुसरा, पोटातून दुर्बिणीने जाळी लावून ते टोक कण्याच्या खालच्या हाडाला बांधायचं. जाळीबद्दल इतकं भीतीदायक वाचलंय की निर्णयच होत नाही. पेसरी लावून नेहमीची कामं, चालणं जमतं का? नवऱ्याशी संबंध ठेवता येतात का? दुसरं ऑपरेशन केलेल्यांना पुढे कसं वाटतंय?

आणि एक गोष्ट फार लागते. सगळे म्हणतात, "पथ्य पाळलं नसशील, काहीतरी जड उचललं असशील." मी सांगितलेलं सगळं पाळलं होतं. मग हे परत का आलं?

प्रतिसाद

ताई, मी पेसरी वापरते, म्हणून तेवढ्यापुरतं सांगते. पहिल्यांदा बसवलेली रिंग मी शौचाला बसले तेव्हा निसटून पडली आणि मला वाटलं, हे आपल्यासाठी नाहीच. पण माप बदलून बघणं हा त्यातला नेहमीचा भाग आहे. पिशवी काढलेल्या बायकांमध्ये साधी रिंग कधीकधी टिकत नाही, मग दांड्याची गेलहॉर्न किंवा दुसऱ्या आकाराची देतात. नीट बसली की ती आत आहे हेही कळत नाही. बसवल्यावर लगेच घरी येऊ नका. तिथेच थोडं चाला, खोका, खाली बसून उठा आणि लघवी करून बघा.

मी ती स्वतः काढते, साध्या साबणाने धुऊन परत घालते. पहिल्यांदा हात थरथरत होता, आता काही वाटत नाही. संबंधाच्या वेळी रिंग आत राहिली तरी चालते, पण गेलहॉर्न किंवा क्यूब (चौकोनी ठोकळ्यासारखी पेसरी) काढावीच लागते. पाळी गेल्यावर आतली त्वचा पातळ होते, त्यासाठी डॉक्टर इस्ट्रोजेनची क्रीम देतात, ती चुकवू नका. तपासणीच्या तारखाही चुकवू नका. विसरून तशीच राहिलेली पेसरी आत जखम करते. अंगावरून रक्त किंवा घाण वासाचं पाणी जायला लागलं तर लगेच दाखवा.

अजून एक. गोळा आत गेल्यावर काही जणींना खोकताना लघवी सुटायला लागते. मलाही झालं. हा नवीन आजार नाही. उतरलेल्या भिंतीमुळे लघवीचा मार्ग दुमडलेला असतो, तो सरळ झाला की दबलेली गळती दिसते.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बाळंतपणात, विशेषतः चिमटा लावलेल्या, ओटीपोटाला खालून तोलून धरणारा स्नायू हाडापासून सुटलेला असू शकतो. टाके घालून भिंत ताणून घेतात, पण सुटलेला स्नायू परत जोडला जात नाही. त्यात पाळी गेल्यानंतरचा फरक, जुना खोकला, बद्धकोष्ठ, वजन, जन्मतः सैल असलेल्या पेशीजाळ्या. हे सगळं "पथ्य पाळलं नाहीस" या एका वाक्यात कोंबणं अन्याय आहे.

अमेरिकेतल्या ऑप्टिमल नावाच्या अभ्यासात योनीमार्गाचं वरचं टोक खालून टाक्यांनी बांधण्याच्या दोन पद्धतींची तुलना होती. २०१८ मध्ये पाच वर्षांचे निकाल आले. कडक निकष लावले तर दोन्हीकडे ६० टक्क्यांहून जास्त ऑपरेशनं अपयशी ठरली. पण पुन्हा उपचार घ्यावे लागलेल्या बायका दहात एकीच्या आसपासच होत्या. म्हणजे तपासणीत उतरलेलं दिसणं वेगळं आणि त्याने जगणं अडणं वेगळं. तुमचं काय अडतंय यावरून ठरवा.

ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं पहिल्या-दुसऱ्या पायरीसाठी देखरेखीखाली किमान १६ आठवडे व्यायाम सुचवतात. वारा अडवताना जसं आवळतो तसं आवळून वर ओढायचं, श्वास चालू ठेवायचा, मग पूर्ण सोडायचं. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. लघवी करताना मध्येच अडवून सराव करू नका. आणि एकदा तपासून घ्या, कारण बऱ्याच जणी नकळत खाली जोर देतात. खोकला, शिंक किंवा वजन उचलण्याच्या आधी आवळायची सवय लावा. शौचाला पायाखाली बुटकं स्टूल घेऊन पुढे वाका, कुंथू नका. व्यायामाने उतरलेलं टोक जागेवर जाणार नाही, पण जडपणा कमी होतो.

पाणी मात्र कमी करू नका. लघवी उरत असेल तर सोनोग्राफीत किती उरते ते मोजून घ्या, त्यावरही निर्णय ठरतो. लघवी पूर्ण अडली, ताप आणि कंबरेत कळा आल्या, किंवा गोळा आत जाईना, तर थांबू नका.

प्रतिसाद

माझं दुसरं ऑपरेशन पोटातून जाळी लावूनच झालं. तुम्ही वाचलेलं भीतीदायक बरंचसं खालून घालायच्या जाळीबद्दल असावं. अंग बाहेर येण्यासाठीच्या त्या जाळ्यांची विक्री अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) एप्रिल २०१९ मध्ये थांबवायला लावली. पोटातून करतात ते ऑपरेशन वेगळं आणि अजूनही होतं. तरी तीही जाळीच. पुढे ती योनीमार्गात उघडी पडू शकते आणि काढायला परत ऑपरेशन लागू शकतं, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. तुम्ही विचारा: हे ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का, पुढची भिंतही यातच सावरणार की नाही, आणि दबलेली गळती आधी तपासणार का?

मला गोळा येत नाही. खूप वेळ उभी राहिले तर जड वाटतं. ऑपरेशन केलं याचं समाधान आहे, पण पेसरी आधी वापरून पाहिल्यामुळेच ते निर्धास्तपणे करता आलं. ती जमली नाही तर काढता येते.

मूळ लेखिका

तुम्हा तिघींचे मनापासून आभार. चिमट्याचं वाचून खूप वेळ तशीच बसले होते. इतकी वर्षं मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पेसरी आधी बसवून बघते आणि त्याच वेळी उरलेली लघवी मोजायला सांगते. फिजिओचंही विचारते. आता एकच शंका: माझी बोटं संधिवाताने आखडलेली आहेत. रिंग स्वतः काढता-घालता आली नाही तर दर वेळी डॉक्टरांकडेच जावं लागतं का? असं कुणी करत असेल तर सांगा.

प्रतिसाद

हो ताई, बऱ्याच बायका तसंच करतात. रिंग किंवा गेलहॉर्न असेल तर काही महिन्यांनी जाऊन काढून, धुऊन, आत जखम नाही ना बघून परत बसवून घ्यायची. फक्त क्यूब नको, ती रोज काढावी लागते. हे माप घेतानाच डॉक्टरांना सांगा, म्हणजे प्रकार त्याप्रमाणे निवडतील. काहींना रिंगला दोरा बांधून दिला तर ओढून काढणं जमतं, तेही विचारून बघा.